अक्षराचे ओझे कोणी वाहावे? : बोरूपासून संगणकापर्यंत मराठी अक्षराचा प्रवास

'बाळबोध' हा शब्द आज आपण समीक्षेत बहुधा हिणवण्यासाठी वापरतो. एखादी कथा बाळबोध आहे असे म्हटले की ती उथळ आहे, सगळे उघड करून सांगणारी आहे, असे वाचकाच्या ध्यानात येते. पण हा शब्द मुळात एका लिपीचे नाव होता. ज्या अक्षराचा बोध बालकालाही व्हावा ते बाळबोध. त्याच्या शेजारी मोडी होती. शब्द तोच, पण एका काळी ज्यात स्पष्टतेचा गौरव होता त्यातच पुढे बाळबुद्धीचा उपहास आला. या अर्थांतराची मीमांसा भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी करावी. आम्हांला इथे त्याच्या आड दडलेल्या वेगळ्या प्रश्नाकडे पाहायचे आहे. लिहिलेले वाचकापर्यंत निर्वेधपणे पोचावे यासाठी कष्ट कोणी घ्यायचे? लिहिणाऱ्याने, वाचणाऱ्याने, की दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या साधनाने?

साहित्याच्या अभ्यासात आपण छंद, शैली, आशय, संहिता यांची चर्चा करतो, पण ज्या अक्षराच्या रूपाने हे सारे आपल्या डोळ्यांसमोर येते ते अक्षर आपण गृहीत धरतो. अक्षराला इतिहास असतो आणि तो सौंदर्याइतकाच सोयी-गैरसोयींचा, खर्चाचा आणि यंत्रांच्या हट्टाचाही असतो. त्या इतिहासातल्या काही नेहमीच्या, म्हणूनच दुर्लक्षित राहिलेल्या गोष्टींचा हा मागोवा.

१. बोरूचा वेग, डोळ्याचा विसावा

मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी. कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळ आखून घेई आणि मग तिला खालून अक्षरे लटकवत जाई. हात शक्य तितका कमी उचलायचा हे तिचे सूत्र. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिच्यात सहसा पाळला जात नसे, शब्दाशब्दांत जागा सोडली जात नसे आणि विरामचिन्हांचा प्रश्नच नव्हता. हिशेब, पत्रे, आज्ञा, करार अशा रोजच्या व्यवहारांना हे पुरेसे होते. पत्र ज्याच्या हाती पडणार त्याला विषय ठाऊक असे, लिहिणाऱ्याचे वळणही ठाऊक असे. अक्षरातून जे निसटले ते संदर्भ भरून काढी.

पोथीचे तसे नव्हते. पोथी अनोळखी वाचकासाठी असते. ती कोण, कधी, कोठे वाचेल हे लेखकाला सांगता येत नाही. त्यामुळे तिच्यात एकेक अक्षर सुटे, पूर्ण आणि कानामात्रेसह लिहावे लागे. म्हणजे एकाच समाजात, एकाच भाषेसाठी दोन लिप्या शेजारी शेजारी नांदत होत्या आणि त्यांच्यातला फरक श्रमविभागणीचा होता. मोडीत ओझे वाचणाऱ्याने वाहायचे, बाळबोधीत लिहिणाऱ्याने. मुद्रणकला आली तेव्हा या दोहोंपैकी कोणाची निवड होणार हे आज आपल्याला उघड वाटते. त्या काळी ते तितके उघड नव्हते.

२. सहाशे साचे

हिंदुस्थानात छापखाना प्रथम आला तो गोव्यात, १५५६ साली. मराठीतला मोठा ग्रंथही तिथे लवकरच छापला गेला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. भाषा मराठी, छंद ओवी, मांडणी पुराणाची, पण लिपी रोमन! ज्या कवीने या भाषेच्या गोडीची मनापासून वाखाणणी केली, त्याचेच काव्य परक्या अक्षरांत छापले जावे, हा विरोधाभास वरवर पाहता धर्मप्रसारकांच्या परकेपणाचा वाटतो.

पण अ. का. प्रियोळकर यांनी 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' या १९५८ सालच्या ग्रंथात पुढे आणलेला पुरावा निराळे सांगतो. स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात, या प्रांतातल्या भाषेत आणि याच प्रांताच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी कित्येक वर्षांची इच्छा बोलून दाखवली आहे. ती पुरी न होण्याचे एक कारण त्यांनी दिले ते साच्यांच्या संख्येचे. युरोपातल्या लिपीचे काम चोवीस अक्षरांत भागते, इथे मात्र प्रत्येक खूण म्हणजे एक पूर्ण अक्षर असल्याने साचे सहाशेच्या घरात जातात. हा हिशेब भाषाशास्त्रज्ञाचा नव्हे, मुद्रकाचा आहे. 'क', 'का', 'कि', 'की' अशी बाराखडी आणि तिच्यावर 'क्त', 'क्ष', 'क्र' यांसारखी जोडाक्षरे यांतली प्रत्येक आकृती धातूत स्वतंत्र ओतायची ठरवली, तर लिपीची समृद्धी हीच मुद्रकाची विपत्ती होते.

सहाशे आणि चोवीस या दोन आकड्यांमधले अंतर कसे बुजवायचे, हा पुढल्या चारशे वर्षांचा प्रश्न आहे. मराठी अक्षराचा मुद्रित इतिहास या एका वजाबाकीभोवती फिरतो असे म्हटले तरी चालेल.

पहिले पद्धतशीर उत्तर मिळाले ते महाराष्ट्राबाहेर, बंगालमधल्या श्रीरामपूरला. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यातली मराठी उदाहरणे देवनागरी खिळ्यांनी छापलेली होती. या कामी त्यांना वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य होते, आणि खिळे पाडण्याच्या कामामागे पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर या बंगाली कारागिरांची परंपरा होती. परंतु त्याच कॅरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली निघाला तो मोडी खिळ्यांनी छापलेला. समाजात जी लिपी जास्त लिहिली-वाचली जाते तीच छापावी, हा विचार त्यामागे असावा आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. तरी मोडीचे खिळे टिकले नाहीत. मोडीचे सारे सामर्थ्य सलग धावणाऱ्या हातात होते. अक्षरे सुटी करून धातूत ओतली की तिचा वेग उरत नाही, मागे राहते फक्त संदिग्धता. लिहिणाऱ्याचे श्रम वाचवणारी लिपी छापखान्यात कोणाचेच श्रम वाचवीना.

३. दगडावरचे पान

सहाशे साच्यांचा प्रश्न सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे साचेच नकोत असे ठरवणे. शिळाछापाने नेमके हेच केले. विशिष्ट चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फिरवायची. पाणी आणि तेल एकमेकांना दूर ठेवतात, त्यामुळे शाई फक्त लिहिलेल्या भागाला धरते. या पद्धतीत अक्षर आणि चित्र यांत फरक राहत नाही, सारे पानच एक चित्र होते. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचे असो, दगडाला त्याचे काही वाटत नाही.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. पंचांग हा ग्रंथ या पद्धतीला किती अनुरूप! कोष्टके, आकडे, रेघा, मधूनच चित्र, सगळे एकाच हाताने काढता येते. खिळे जुळवून कोष्टक उभे करण्याची कटकट जुळाऱ्यालाच ठाऊक. शिवाय शिळाछापाचे पान पोथीसारखे दिसे. ज्या श्रद्धाळू वाचकाला छापील ग्रंथाचा विटाळ वाटत होता, त्याच्या डोळ्यांना ते अक्षर ओळखीचे होते. नव्या तंत्राने जुन्याचे रूप घेऊन घरात प्रवेश करावा, हा प्रकार पुढेही अनेकदा घडला आहे. संगणकाच्या पडद्यावर आपण आजही 'पान' उलटतो ते त्यामुळेच.

परंतु शिळाछापाची मर्यादा तिच्या गुणातच होती. पान हे चित्र असल्याने त्यातला एक शब्द उचलून दुसरीकडे ठेवता येत नसे. चूक सुधारायची तर दगडावर हात चालवायचा, मजकूर पुन्हा हवा तर पुन्हा लिहायचा. सुटा खिळा मात्र आज 'रामविजया'त, उद्या 'भूपाळ्यां'त, परवा सरकारी जाहीरनाम्यात काम करी. अक्षर हे चित्र मानायचे की पुन्हा पुन्हा वापरता येणारे चिन्ह मानायचे, हा पेच इथे प्रथम स्पष्ट झाला. तो पुढे फार अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

४. मुंबईचे वळण

खिळ्याच्या बाजूने मुंबईत काम सुरू होते ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात. तिथे थॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांना सुबक रूप दिले. याच छापखान्यात जावजी दादाजी (१८३९-१८९२) हा मुलगा अगदी लहान वयात तुटपुंज्या पगारावर हलक्यासलक्या कामाला लागला. पुढे त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. त्यांच्या यशामागे राणोजी रावजी आरू या कारागिराचे हात होते. पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरायचे, तो पंच तांब्यावर ठोकून मातृका करायची आणि तिच्यात धातू ओतून खिळा काढायचा, असे हे काम. केसभर जाडी इकडची तिकडे झाली तर छापील पानावर अक्षर लंगडे दिसते. आपल्या वाङ्मयेतिहासात ग्रंथकारांची नावे आहेत, क्वचित प्रकाशकांचीही आहेत. ज्याने एका शतकाच्या वाचकांना अक्षर दिसायचे कसे हे ठरवून दिले, त्या आरूंचे नाव मात्र तळटीपेतही अभावाने येते.

जुळाऱ्यापुढचे काम कसे होते ते समजून घेतले पाहिजे. रोमन लिपीची ओळ एकाच पातळीवर उभी राहते. देवनागरीत मधली पातळी अक्षरांची, वरची मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वारांची, खालची उकार-ऋकारांची. या तीन पातळ्या वेगवेगळ्या खिळ्यांनी रचायच्या तर खिळ्यांची संख्या घटते, पण जुळाऱ्याला एका ओळीसाठी तीन ओळी जुळवाव्या लागतात, आणि नाजूक मात्रा छापताना तुटतात. जुन्या पुस्तकांत ठिकठिकाणी मात्रा गळालेल्या दिसतात त्या सगळ्याच मुद्रितशोधकाच्या डुलकीने गळालेल्या नाहीत. उलट मात्रेसह अखंड अक्षरे ओतायची तर खणांची पेटी भिंतीएवढी होते. मुद्रकांनी या दोहोंच्या मधले निरनिराळे मार्ग काढले. सहाशेचे चारशे होत, तीनशे होत, पण चोवीस काही होत नसत.

या साऱ्या खटाटोपातून 'मुंबईचे वळण' म्हणून ओळखली जाणारी अक्षरघडण तयार झाली. उत्तरेकडच्या छापील ग्रंथांत 'अ', 'झ', 'ण' ही अक्षरे पूर्वी निराळ्या रूपांत छापली जात. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांनी, विशेषतः १८८६ पासून निघू लागलेल्या 'काव्यमाले'ने, मुंबईचे अक्षर देशभरच्या पंडितांच्या डोळ्यांत रुजवले. आज प्रमाण हिंदीत 'अ', 'झ', 'ण' यांची जी रूपे आहेत ती मुंबईच्या वळणाची आहेत. म्हणजे हिंदीने तीन अक्षरे आपल्याकडून घेतली. त्याची परतफेड कशी झाली ते पुढे येईल.

५. श्वासाच्या खुणा

अक्षरे सुटी झाली, शब्द सुटे झाले, तरी वाक्य अजून सुटे झाले नव्हते. दंडाच्या एका-दोन रेघांवर काव्याचे भागत होते, कारण छंदच वाचकाला थांबवीत होता. गद्याला असा आधार नव्हता. मराठी गद्य घडत होते तेव्हाच त्याला थांबायचे कोठे हे सांगणाऱ्या खुणांची गरज भासली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका लिहिली. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम ही नावे आज इतकी आपली वाटतात की त्यांना जन्मतारीख असेल हे सुचत नाही.

विरामचिन्हांनी केवळ वाचनाची सोय केली असे नव्हे, लेखनाची शक्यताही वाढवली. कंसातला उपरोध, उद्गारचिन्हातली तिरकस दाद, अवतरणचिन्हांत शब्द धरून त्याच्यापासून अंतर राखण्याची रीत, हे सारे निबंधकारांच्या हाती आले ते छापील पानामुळे. चिपळूणकरांची वाक्ये पल्लेदार होऊ शकली, कारण वाचकाला त्या पल्ल्यात विसावे मिळत होते. तंत्राने शैलीला वाव दिला याचे मराठीतले हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण आहे.

६. यंत्राचा हट्ट

विसाव्या शतकात टंकलेखनयंत्र आले आणि वजाबाकी पुन्हा मांडावी लागली. यंत्राला पन्नासाच्या आत कळा, प्रत्येक कळीवर दोन खुणा, म्हणजे एकूण शंभरसुद्धा नाहीत. सहाशेचे शंभर करायचे तर अक्षर मोडणे भाग होते. म्हणून अर्धे अक्षर आणि उभा दंड वेगळे झाले. 'ग', 'त', 'प', 'म' यांचे अर्धे रूप आधी टंकायचे आणि मागाहून काना ठोकून ते पूर्ण करायचे. मात्रांच्या कळा दाबल्या की यंत्र जागचे हलत नसे, अक्षर तिच्याखाली येऊन बसे. बाराखडी शिकताना आपण अक्षर हा अविभाज्य घटक मानतो. टंकलेखकाच्या बोटांसाठी मात्र ते सांगाड्यांचे आणि सुट्या भागांचे काम झाले.

याच सुमारास लिपिसुधारणेच्या चळवळीला जोर आला. रत्नागिरीच्या वास्तव्यात सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी, म्हणजे 'इ, ई, उ, ऊ' यांऐवजी 'अि, अी, अु, अू', ही या विचाराची सर्वपरिचित निष्पत्ती. काही नियतकालिकांनी आणि ग्रंथांनी ती वापरलीही. तिच्यामागचा तर्क निर्दोष होता. 'क'ला जी चिन्हे लागतात तीच 'अ'ला लावली तर कित्येक खिळे वाचतात. तरीही समाजाने ती अंगीकारली नाही. कारण लिपी ही केवळ तर्काची बाब नाही, ती डोळ्याची सवय आहे. खिळे वाचले ते छापखान्याचे, आणि नव्याने शिकण्याचे ओझे पडले ते वाचकावर. वाचकाने ते नाकारले.

१९५३ सालच्या लखनौ परिषदेतली गोष्ट याहून बोधप्रद आहे. ऱ्हस्व वेलांटी ही देवनागरीतली मोठी गंमत आहे. तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो, पण ती लिहायची व्यंजनाच्या आधी. यंत्राला हे मानवत नाही. म्हणून परिषदेने ठरवले की ऱ्हस्व वेलांटीही उजवीकडेच द्यावी, फक्त तिचा दंड आखूड ठेवावा. म्हणजे 'कि' आणि 'की' यांतला भेद एका रेघेच्या लांबीवर आला. दिशेचा भेद डोळा दुरूनही टिपतो, लांबीचा भेद टिपायला थांबावे लागते. हा निर्णय थोड्याच वर्षांत मागे घ्यावा लागला.

मात्र याच विचारमंथनातून टिकलेली एक सुधारणा आहे आणि ती टिकण्याचे कारण वरच्या उदाहरणाच्या नेमके उलट आहे. जुन्या छपाईत 'ख' म्हणजे 'र' आणि 'व' शेजारी शेजारी ठेवल्यासारखा दिसे. 'खाना' की 'रवाना', 'खा' की 'रवा' हे संदर्भावरून ठरवायचे. नव्या रूपात 'र'चे शेपूट पुढच्या भागाला खालून जोडले गेले आणि घोटाळा मिटला. इथे बदल यंत्राच्या सोयीसाठी नव्हता, वाचकाच्या सोयीसाठी होता, आणि तो इतका निमूटपणे रुळला की बदल झाला होता हेच आज कोणाच्या लक्षात नाही. यशस्वी सुधारणेचे बहुधा हेच लक्षण असते.

७. आकड्यांत साठवलेले अक्षर

संगणकाने हा प्रश्न कायमचा मिटवायला हवा होता. त्याला खिळे ओतायचे नाहीत आणि खणांची पेटीही मांडायची नाही. पण आरंभीच्या काळात मराठी संगणकावर आली ती टंकलेखनयंत्राच्याच वेषात. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवलेले फाँट वापरले जात. पडद्यावर 'क' दिसे, पण यंत्राच्या पोटी एखादे रोमन अक्षरच असे. फाँट बदलला की मजकुराची रांगोळी विस्कटे. हजारो मराठी पुस्तके अशा फाँटांत जुळवली गेली. ती छापून आली तेव्हा निर्दोष होती, पण त्यांच्या संगणकीय प्रती दुसऱ्या यंत्रावर वाचता येईनात. दगडावरचे पान इथे पुन्हा भेटते. अक्षर हे नुसते चित्र मानले की ते दिसते, पण दुसऱ्या जागी कामाला येत नाही.

युनिकोडने, ज्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, या पेचाला मूलगामी उत्तर दिले. अक्षराची ओळख आणि अक्षराचे रूप ही दोन वेगळी खाती केली. साठवायचा तो अक्षराचा क्रमांक, त्याला रूप देणार फाँट. 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. दाखवताना वेलांटी आपोआप आधी, म्हणजे डोळ्याचा क्रम. लखनौला वेलांटी उजवीकडे नेऊन जे साधायचे होते ते वाचकाला तसूभरही न हलवता साधले. ओझे पहिल्यांदाच यंत्राने स्वतःच्या शिरावर घेतले.

तरी गंमत संपलेली नाही. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. 'आचार्यांना' दिलेले आमंत्रण आणि 'आचाऱ्यांना' दिलेले आमंत्रण यांत मानाचा आणि मानधनाचा, दोन्ही फरक पडतात. रफार आणि हा अर्धा 'र' यांतला भेद प्रमाण हिंदीला लागत नाही. मराठीला तो जीवनावश्यक आहे, नेपाळीतही तो आहे. युनिकोडमध्ये या अर्ध्या 'र'साठी जो मार्ग आहे तो खाली टिंब असलेल्या 'ऱ'वरून जातो. हे अक्षर तक्त्यात आले ते मुळात द्राविडी भाषांतला वेगळा 'र' देवनागरीत दाखवण्यासाठी. म्हणजे तमिळ ध्वनीसाठी ठेवलेली खुर्ची घेऊन आपण मराठी दऱ्याखोऱ्यांत हिंडतो. वाचकाला हे कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. पण टंकणाऱ्याला ही वाट ठाऊक नसली की तो सरळ 'दर्या' लिहितो आणि डोंगरांत समुद्र शिरतो.

'ॲ'ची कथा अशीच. 'बॅट'मधला स्वर शब्दाच्या आरंभी आला की मराठी माणूस 'अ'वर चंद्र काढतो, हिंदीत 'ए'वर काढण्याची पद्धत होती. युनिकोडच्या तक्त्यात आरंभी फक्त 'ऍ' होते. मराठीच्या 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंतच्या संगणकीय मजकुरात हा स्वर 'ऍ', 'अॅ' अशा निरनिराळ्या रीतींनी लिहिला गेला. डोळ्याला यांतली काही रूपे एकसारखीच दिसतात, यंत्राला मात्र ते निरनिराळे शब्द वाटतात. शोध घेणाऱ्याला एक सापडतो, दुसरा सापडत नाही.

आता 'ल' आणि 'श'. दोन पाकळ्यांचा, मधल्या देठाला लटकलेला मराठी 'ल' आणि उजवीकडे उभा दंड असलेला हिंदी 'ल' हे युनिकोडच्या दृष्टीने एकच अक्षर आहे, आणि ते योग्यच आहे. रूप ठरवायचे काम फाँटचे. पण विंडोजबरोबर घरोघर पोचलेला 'मंगल' हा फाँट हिंदी वळणाचा होता. विशेष हे की तो घडवला होता र. कृ. जोशी यांनी, मराठी सुलेखनातल्या एका थोर माणसाने. सगळ्या देवनागरी भाषांसाठी एकच रूप निवडायचे म्हटल्यावर संख्येचे पारडे जड होणार हे उघड होते. तेव्हापासून बातम्या, जाहिराती, निमंत्रणपत्रिका, सरकारी पाट्या यांतला 'ल' हळूहळू बदलत गेला. अ, झ, ण यांची परतफेड झाली ती ही अशी. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ते अद्ययावत केले. 'ल' आणि 'श' यांच्या मराठी वळणाचा आग्रह त्यात आहे. आता मराठी वळणाचे सुंदर फाँट उपलब्ध आहेत, राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' त्यांतलाच एक. मजकूर मराठी आहे असे यंत्राला कळवले तर काही फाँट आपण होऊन मराठी 'ल' दाखवतात. अडचण तंत्राची उरलेली नाही. अडचण ही की हे कळवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

८. अभ्यासकाचा वाटा

इतके सारे अक्षरांच्या आकारांसाठी का सांगायचे, असे कोणी विचारील. 'ल' पाकळीचा असो की दंडाचा, कविता तीच राहते. हे खरे आहे आणि खरे नाहीही. 'ल'बाबत आमचा आग्रह सवयीचा आणि वारशाचा आहे, त्यासाठी भांडताना आवाज चढवण्याचे कारण नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांची गोष्ट वेगळी, तिथे अर्थच बदलतो. या दोन प्रकारांत फरक करणे हे अभ्यासकाचे पहिले काम आहे. अस्मितेचा प्रश्न आणि अर्थाचा प्रश्न एकाच सुरात मांडले की दोन्हींकडे दुर्लक्ष होते.

दुसरे काम अधिक तातडीचे आहे. आपले विद्यार्थी जुने मराठी साहित्य यापुढे वाचणार ते बव्हंशी पडद्यावर. त्या संहिता कोणी तरी टंकलेल्या असतात किंवा यंत्राने छापील पानावरून ओळखलेल्या असतात. जुन्या छपाईतला 'ख' यंत्राला 'रव' दिसतो, तुटलेली मात्रा दिसतच नाही, अर्ध्या 'र'चा रफार होतो, आणि १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे अनुस्वार कोणी 'सुधारून' टाकते. मोडी कागदावर जो संदर्भ वाचकाच्या मनात होता तो या नव्या वाचकाजवळ नाही. तो समोरच्या अक्षरावर विश्वास ठेवतो. संहिताचिकित्सा हा विषय आपण ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांपुरता ठेवला आहे. त्याची गरज आता एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीच्या संगणकीय प्रतीलाही आहे. एम.ए.च्या वर्गाला एका जुन्या छापील प्रकरणाची संगणकीय प्रतीशी ओळीओळीने तुलना करायला सांगितली, तर पाठभेद म्हणजे काय हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले समजेल, आणि एक संहिता शुद्ध होऊन हाती पडेल.

स्टीफन्स यांच्यापुढे सहाशे साच्यांची भिंत होती. ती कारागिरांनी, मुद्रकांनी आणि तंत्रज्ञांनी चारशे वर्षे खपून पाडली. वाचकावर ओझे टाकणारा तोडगा वाचकाने बहुधा स्वीकारला नाही, आणि वाचकाचे ओझे कमी करणारा तोडगा गाजावाजा न होता रुळला, असे हा इतिहास सांगतो. आज यंत्र बरेचसे वाहते, पण सगळे नाही. टंकताना 'ऱ्' नीट काढणे, 'ॲ' एकाच रीतीने लिहिणे, मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवणे, जुनी प्रत चढवण्यापूर्वी मूळ पानाशी ताडून पाहणे, एवढा वाटा लिहिणाऱ्याचा उरतोच. पोथीचा लेखक अनोळखी वाचकासाठी एकेक अक्षर सुटे आणि पूर्ण लिहीत होता, त्याच कामाचे हे आजचे रूप आहे. बाळबोध या शब्दाचा जुना अर्थ एवढाच होता.